'हे ऐक ना' म्हणायला कुणीतरी हवं : पन्नाशीनंतर सोबत शोधताना

समासटीप :
मंडळी, हा धागा काढू की नको यातच आठवडा गेला. आज धीर करून काढतेय.

वय ५३. लग्न केलं नाही. त्यामागे कुठलीही दुःखाची कहाणी नाही. तिशीत घरच्यांची आजारपणं होती, चाळिशीत काम होतं, आणि पुस्तकं तर कायमच होती. व्यवसाय मुद्रितशोधनाचा. दिवसभर दुसऱ्यांसाठी वाचायचं, रात्री स्वतःसाठी. याचा कधी कंटाळा आला नाही. एकटेपणा म्हणजे काय ते मला फक्त ऐकून माहीत होतं.

गेल्या महिन्यात एका रात्री समुद्रपक्ष्यांवरचं पुस्तक वाचत होते. त्यात अल्बट्रॉसबद्दल होतं. पिल्लू घरट्यातून उडालं की पुढची काही वर्षं समुद्रावरच काढतं, जमिनीला पाय लावत नाही. मग जन्मबेटावर परततं आणि जोडीदार ठरवण्याआधी कित्येक वर्षं नुसता नाचाचा सराव करतं, कधी याच्यासमोर, कधी तिच्यासमोर. एकदा जोडी जमली की बहुधा जन्मभराची. हे वाचलं आणि मी मान वर करून मोठ्याने म्हणाले, "हे ऐक ना!"

खोलीत कुणी नव्हतं. कुणी असण्याचं कारणही नव्हतं, गेली सतरा वर्षं मी एकटीच राहते. पण ते शब्द तोंडातून गेले आणि त्यानंतर मला पान उलटवेना.

मला काय हवंय ते मला नेमकं सांगता येतं. संध्याकाळची वेळ, दोन खुर्च्या, दोघं आपापलं वाचतायत. तासभर कुणी बोलत नाही. मग एक जण म्हणतो, हे ऐक. एवढंच. त्याचं पुढे लग्न झालं तरी चालेल, नाही झालं तरी चालेल.

एका विवाहसंकेतस्थळावर नाव घातलं होतं. आवडीनिवडीत 'वाचन' लिहिलं. निरोप बरेच आले. बऱ्याच जणांनी 'मलाही वाचन आवडतं' म्हणून सुरुवात केली, आणि सध्या काय वाचताय असं विचारल्यावर गप्प झाले.

तर प्रश्न दोन. या वयात अशी सोबत लोक शोधतात तरी कुठे? आणि माणूस वाचणाराच हवा हा माझा आग्रह बरोबर आहे की सोडून द्यावा? नुसता धीर नको, अनुभव सांगा.

दोन_चष्मे :
"खोलीत कुणी नव्हतं" इथे आले आणि मीही मान वर केली. वय ५७. वाचतेय.

टाचणी :
समासटीप, सगळ्यात आधी ते 'वाचन' खोडा. त्या रकान्यात निम्मं जग तेच लिहितं. त्याऐवजी वर अल्बट्रॉसचा जो परिच्छेद लिहिलात तो तसाच्या तसा तिथे डकवा. शंभर जण पुढे सरकतील, एखादा थांबेल. तुम्हाला एखादाच हवाय.

आणि संध्याकाळचं, दोन खुर्च्यांचं जे लिहिलंत तेही घाला. आपल्याला शांतता लागते हे लपवू नका. मी तीन वर्षं 'भटकंतीची आवड' असं लिहून ठेवलं होतं, कारण नुसतं 'घरी बसायला आवडतं' हे लिहायला संकोच वाटायचा. भेटायला आलेली माणसं खरंच चांगली होती, पण ती भटकंतीसाठी आली होती. त्यांचा वेळ गेला, माझाही गेला.

रातकिडा :
थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मी ६१. अविवाहित. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घरात माझाच आवाज, तोही फार नाही. तुम्हाला झालं तसं मलाही अधूनमधून होतं. एखादं वाक्य असं येतं की ते कुणाला तरी दिल्याशिवाय राहवत नाही. मी ते वहीत उतरवतो. अशा एकवीस वह्या झाल्यात. ती कळ अर्ध्या तासात ओसरते.

माझं म्हणणं एवढंच की त्या अर्ध्या तासासाठी उरलेले साडेतेवीस तास पणाला लावताना दहादा विचार करा. दुसरा माणूस घरात आला की तो फक्त 'हे ऐक' म्हणण्यापुरता येत नाही. त्याची दाढदुखी येते, त्याचे नातेवाईक येतात, त्याचा टीव्ही येतो. तुमच्याकडे जे आहे ते फार थोड्यांना मिळतं.

समासटीप :
@टाचणी, परिच्छेद डकवला. आवडीनिवडीच्या रकान्यात आता अल्बट्रॉस आहे.

@रातकिडा, राग कसला! तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वह्या माझ्याकडेही आहेत. पण वही "मग पुढे?" असं विचारत नाही हो. आणि दाढदुखी येते म्हणालात, त्याची मला भीती वाटत नाही. आई-वडिलांची आजारपणं मी काढली आहेत. कुणाचं तरी दुखणं आपलं असण्यातही काहीतरी होतं, हे ते दोघं गेल्यावर कळलं.

पायवाट :
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, जरा लांबण लागेल.

पहिलं लग्न तुटल्यावर मी बारा वर्षं एकटी होते. ४९व्या वर्षी एक माणूस भेटला. घड्याळं दुरुस्त करतो. शाळा सुटल्यापासून एकही पुस्तक पुरं वाचलेलं नाही, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, अगं तू आणि हा? माझ्याही मनात तेच होतं.

आमच्याकडे रात्री जेवणानंतर टेबलावर एक दिवा लागतो. दिव्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. त्याच्यासमोर पांढरं फडकं, बाटलीच्या झाकणात मोहरीएवढे स्क्रू, डोळ्याला भिंग. सुरुवातीला मी मनात वाचायचे. एकदा सहज एक पान मोठ्याने वाचलं. त्याने मान वर केली नाही, काही बोललाही नाही. मला वाटलं, गेलं डोक्यावरून. पण मी थांबले तसा त्याचा स्क्रूड्रायव्हरही थांबला. म्हणाला, "वाच की."

आता आठ वर्षं झाली. जाड जाड कादंबऱ्या आम्ही अशा संपवल्या. मी थकून झोपले तर सकाळी दात घासताना विचारतो, "मग ती परत गेली का त्याच्याकडे?" कधीकधी पात्रांबद्दल असं काही बोलतो की मी इतकी वर्षं वाचून मला ते दिसलेलं नसतं. त्याला माणसं कळतात. पुस्तकातून कळली नाहीत, गिऱ्हाइकांकडून कळली.

म्हणून मी सांगेन, वाचणारा नको, ऐकणारा शोधा. वाचणारे पुष्कळ स्वतःतच असतात.

निशिगंध :
पायवाट, तो स्क्रूड्रायव्हर थांबला तिथे मला भरून आलं.

उलटतपासणी :
पायवाट यांचं नशीब थोर. माझा अनुभव अगदी उलटा, म्हणून लिहिते.

बावीस वर्षं संसार केला. तो वाचत नव्हता याची मला काहीच तक्रार नव्हती. पण मी पुस्तक उघडलं की घरात काहीतरी घडायचं. किल्ली सापडायची नाही, एखादा फोन लगेच करायचा असायचा, नाहीतर नुसता प्रश्न यायचा : "परत पुस्तक?" हे 'परत' मी बावीस वर्षं ऐकलं. भांडण म्हणावं असं त्यात काही नव्हतं. पण हळूहळू मी न्हाणीघरात आणि बसथांब्यावर वाचायला शिकले. घटस्फोटानंतर पहिल्या रविवारी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत एका जागी बसून वाचलं, आणि कुणी हाक मारत नाही हे जाणवून रडले.

त्यामुळे समासटीप, आग्रह सोडू नका. फक्त थोडा बदला. तो वाचतो का यापेक्षा, तुमच्या हातात पुस्तक असताना तो कसा वागतो ते बघा. तिसऱ्या-चौथ्या भेटीत मुद्दाम सोबत वाचायला बसा. वीस मिनिटांत कळतं. ज्याला तुमची शांतता म्हणजे आपल्याकडे केलेलं दुर्लक्ष वाटतं, त्याच्याशी पुढे निभत नाही.

पायवाट :
@उलटतपासणी, हे पटलं. माझं 'ऐकणारा शोधा' अपुरं होतं. आमच्याकडे मी मनात वाचत असते तेव्हा तो हाक मारत नाही, हे मी सांगायलाच विसरले. आठ वर्षांत त्याची इतकी सवय झालीय की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

शाईडाग :
दोघंही वाचणारे असले की काय होतं ते आमच्याकडून ऐका. मी ५१, तो ५५, लग्नाला चार वर्षं. दोन घरांची पुस्तकं एका घरात आली तेव्हा ३८ पुस्तकांच्या दोन-दोन प्रती निघाल्या. ठरलं की एकेक प्रत देऊन टाकायची. चार वर्षांत आम्ही फक्त दोन दिल्या. त्याच्या प्रतीत त्याच्या खुणा, माझ्या प्रतीत माझ्या. आता एकमेकांच्या प्रती वाचतो. एकाच पानावर त्याने कशाखाली रेघ मारली आणि मी कशाखाली, यावर एखादा रविवार सहज जातो.

भांडण फक्त दिव्यावरून. तो दोनपर्यंत वाचतो, मी अकराला झोपते. शेवटी कपाळावर बांधायचा दिवा आणून दिला. रात्री कूस बदलून तो माझ्याकडे वळला की चोर आल्यासारखं वाटतं!

दोन_चष्मे :
शाईडाग, खूप हसले. ३८!

तारीखशिक्का :
पहिल्या प्रश्नावर कुणी फारसं बोललेलं नाही, म्हणून लिहितो. मी ग्रंथालयात काम करतो, २६ वर्षं झाली. काउंटरवर उभं राहून जे दिसतं ते सांगतो.

वाचणारी माणसं एकमेकांना भेटत नाहीत याचं साधं कारण म्हणजे ती पुस्तक घेऊन घरी जातात. गप्पांच्या कार्यक्रमाला ती यायला बिचकतात, आणि वाचकगटात महिन्याला ठरलेलं पुस्तक वाचून मत द्यायचं म्हणजे त्यांना परीक्षेसारखं वाटतं. यावर एक सोपा उपाय निघालाय. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन मैत्रिणींनी एकत्र बसून आपापलं पुस्तक मुकाट्याने वाचायला सुरुवात केली. त्याचा पुढे सायलेंट बुक क्लब झाला आणि आता अनेक देशांत तशा बैठकी भरतात. ठरलेलं पुस्तक नसतं, मत द्यावं लागत नाही. यायचं, साधारण तासभर वाचायचं, मग ज्याला बोलायचं तो बोलतो, ज्याला घरी जायचं तो जातो. समासटीप यांनी वर्णन केलेली संध्याकाळच जवळजवळ, फक्त खुर्च्या जास्त.

आम्ही आमच्याकडे शनिवारी असा तास सुरू केला. पहिल्या महिन्यात तीन माणसं यायची. त्यात दोघं साठीच्या पुढची, टेबलाच्या दोन टोकांना बसायची. जवळपास आठ महिने मी त्यांना एकमेकांशी नमस्कारापलीकडे बोलताना पाहिलं नाही. एका शनिवारी त्या बाई आल्या नाहीत. ते गृहस्थ तास संपल्यावर काउंटरवर आले, पुस्तक ठेवलं, परत उचललं, आणि विचारलं, "त्या निळ्या पिशवीवाल्या बाई बऱ्या आहेत ना?" त्यांना नावही माहीत नव्हतं.

वाचकांची माहिती देता येत नाही असा आमचा नियम आहे, तो मी सांगितला. मग म्हणालो, चिठ्ठी ठेवा, पुढच्या वेळी देतो. चिठ्ठीत काय होतं मला माहीत नाही. आता ते टेबलाच्या एकाच टोकाला बसतात.

आठवडा-पंधरवड्याने ठरलेल्या वेळी, त्याच माणसांसोबत. हीच काय ती युक्ती. एकदा जाऊन कुणी भेटलं नाही म्हणून थांबू नका.

मिणमिण :
तारीखशिक्का म्हणतात त्याला आधार आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाची जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, नुसत्या ओळखीपलीकडची मैत्री व्हायला ९०, आणि जिवलग म्हणावं असं नातं व्हायला २००च्या वर. एका कचेरीत शेजारी बसून काम करण्यात गेलेले तास मात्र तितके उपयोगी पडत नाहीत.

आठवड्याला दोन तास धरले तर २०० तासांना सुमारे दोन वर्षं होतात. तरुणपणी वसतिगृहात हे तास दोन महिन्यांत भरतात, म्हणून तेव्हाच्या मैत्र्या आपोआप झाल्यासारख्या वाटतात. पन्नाशीत दोष आपला नसतो, तासच मिळत नाहीत.

समासटीप :
@मिणमिण, हे फार कामाचं आहे. म्हणजे तीन भेटींत काही वाटलं नाही म्हणून मी एकाला नकार कळवला, तो सहा तासांवर!

अर्धविराम :
अवांतर : सोबत मोठ्याने वाचायचं असेल तर आधी चष्म्याचं बघा. चाळिशी-पंचेचाळिशीत डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि जवळचं धूसर होतं, सगळ्यांनाच होतं. मी चार वर्षं 'हल्ली वाचनात मन लागत नाही' असं म्हणत होतो. मन जागेवर होतं, नंबर बदलला होता. आता ऐकायची पुस्तकं पण सुरू केलीत.

उलटतपासणी :
ऐकणं म्हणजे वाचन नाही हो.

अर्धविराम :
मग पायवाट यांच्या घड्याळवाल्यांनी आठ वर्षं काय केलं?

उलटतपासणी :
बरोबर. शब्द मागे घेते.

कंदील :
तीन दिवस हा धागा वाचतोय. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

वय ५६. पत्नी जाऊन साडेतीन वर्षं झाली. आमच्या घरात ती वाचणारी होती, मीही वाचायचो, पण तिच्या मागून. ती आधी वाचायची आणि मग मला सांगायची, हे वाच, हे नको, याची शेवटची साठ पानं सोड. तिच्या उशापाशी एक पुस्तक आहे, त्यात ७३व्या पानावर खूण आहे. मी धूळ पुसतो आणि तसंच ठेवतो.

समासटीप यांनी लिहिलं तसं मला रोज होतं. फरक एवढाच की मी 'हे ऐक ना' म्हणतो तेव्हा खोलीत कोण नाही ते मला माहीत असतं.

मला पुन्हा कुणाची तरी सोबत हवी आहे. हे लिहायलाही हात जड झाला. मुलगी म्हणते, बाबा, शोधा. पण मला असं वाटतं की मी दुसऱ्या कुणासोबत वाचायला बसलो तर ते पुस्तक उशापासून उचलावं लागेल. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

पायवाट :
कंदील दादा, उचलू नका. ज्याला किंवा जिला तुमच्यासोबत बसायचं असेल त्या व्यक्तीने त्या पुस्तकासकट बसायला हवं.

बिनधास्त :
मी गेले आहे या वाटेने. माझा नवरा गेला तेव्हा मी ५०ची होते, आता ५८. ज्यांच्यासोबत आहे त्यांचीही पत्नी गेलेली. पहिल्या काही भेटी आम्ही फक्त त्या दोघांबद्दलच बोललो. लोकांना विचित्र वाटेल, पण आम्हाला त्यानेच मोकळं केलं. त्यांच्या घरी त्यांच्या पत्नीचा फोटो आहे, माझ्या घरी माझ्या नवऱ्याचा. कुणाला काही काढावं लागलं नाही.

'त्यांच्या घरी, माझ्या घरी' असं लिहिलं ते मुद्दाम. आम्ही दोन घरांत राहतो, आठवड्यातले चार दिवस एकत्र. वेगळी घरं आणि एक नातं अशी राहणी जगात पुष्कळ ठिकाणी उतारवयातली माणसं निवडतात. रातकिड्यांना जी साडेतेवीस तासांची काळजी आहे तिच्यावर हा चांगला तोडगा आहे. माझे तीन दिवस माझे. त्या तीन दिवसांत मी कुणाशी बोलत नाही, वाचते, आणि चौथ्या दिवशी सांगायला बरंच काही साठलेलं असतं.

एक मात्र करा. मुलांना उशिरा सांगू नका, आणि पैशाअडक्याचं पहिल्याच वर्षी कागदावर आणा. कुणाचं घर कुणाला, इच्छापत्रात काय, आजारपणात डॉक्टरांशी कोण बोलणार. माझ्या मुलाच्या कपाळावरची आठी इच्छापत्र वाचून झाल्यावर गेली. मला आधी त्याचा राग आला होता. नंतर वाटलं, त्याला भीती होती आणि ती विचारायची सोय नव्हती.

निशिगंध :
सगळं छान चाललंय त्यात एक सावधगिरीचं सांगते, कारण हे माझ्या बाबतीत घडलंय.

मागच्या वर्षी एका संकेतस्थळावर एकाशी ओळख झाली. पुस्तकांवर इतकं सुंदर लिहायचा की मी रात्री जागून उत्तरं द्यायचे. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, इथे नको, खासगी नंबरवर बोलू. व्हिडिओवर यायला कायम काहीतरी अडचण. पाचव्या आठवड्यात 'तुझ्यासारखी आयुष्यात कुणी भेटली नाही', आणि सातव्यात परदेशात अडकलोय, पैसे पाठव. मी पाठवले. किती ते लिहीत नाही.

पैशांपेक्षा मला त्या पत्रांचं वाईट वाटलं. वाचणाऱ्या माणसाला शब्दांनी फसवणं सोपं असतं, कारण आपण शब्दांवरच विश्वास टाकतो. आता माझा नियम असा : दोन आठवड्यांत समोरासमोर किंवा निदान व्हिडिओवर चेहरा दिसला पाहिजे. पहिली भेट चारचौघांत, आणि कुठे जातेय ते एका मैत्रिणीला सांगून. पैशाचा विषय निघाला की तिथेच थांबायचं, कितीही करुण कारण असलं तरी.

टाचणी :
निशिगंध, हे लिहिलंत म्हणून तुमचे आभार. लाज त्याला वाटायला हवी. नियम सगळ्यांनी लिहून घ्या.

जुनापाना :
निशिगंध यांचं सगळं मान्य करून पत्रांची बाजू घेतो. खरी माणसंही पत्रांतून भेटतात. ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस पन्नाशी ओलांडेपर्यंत अविवाहित होता, भावासोबत राहायचा, पुस्तकांत बुडालेला. जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेचं पत्र त्याला १९५०च्या जानेवारीत आलं. दोघं प्रत्यक्ष भेटले १९५२ साली, आणि १९५६ साली नोंदणी पद्धतीने लग्न केलं तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. १९६०मध्ये ती कर्करोगाने गेली. मोजली तर चारच वर्षं. पण त्या माणसाच्या पुढच्या लिखाणात तीच चार वर्षं सगळ्यात खोल उमटलेली दिसतात.

बोलायला सुरुवात कशी करावी हा ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी : आर्थर अॅरन या मानसशास्त्रज्ञाने १९९७ साली ३६ प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली होती. अनोळखी दोघांनी आळीपाळीने उत्तरं द्यायची, प्रश्न हळूहळू खोल जातात. मी वापरून पाहिलीय. सगळे प्रश्न विचारायची गरज पडत नाही. आठव्या-नवव्यानंतर आमचा कागद बाजूलाच राहिला.

रातकिडा :
पुन्हा आलो. मत बदललेलं नाही, पण त्यात भर घालायची आहे.

मागे मला नऊ दिवस ताप होता. वही उशाशी होती. काही उतरवण्याची ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती. तळमजल्यावरचा विद्यार्थी औषधं आणून द्यायचा. पाचव्या दिवशी तो म्हणाला, काका, काही वाचून दाखवू का, आणि त्याच्या अभ्यासाचं भूगर्भशास्त्राचं पुस्तक वाचायला लागला. खडकांचे थर, त्यांची वयं. मला निम्मं कळलं नाही. पण ते अर्ध्या तासाने संपलं तेव्हा मी त्याला म्हणालो, उद्या ये.

तो अजून येतो, मंगळवारी. म्हणून समासटीप, जोडीदारच हवा असं धरून बसू नका. 'हे ऐक' कुणालाही म्हणता येतं. माझ्या बाबतीत तो २२ वर्षांचा आहे.

समासटीप :
तीन आठवड्यांनी लिहितेय, काम फार होतं.

@रातकिडा, तुमचा हा प्रतिसाद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.

तारीखशिक्का यांचं ऐकून मी वाचनतासाला जायला लागले. आमच्या जवळच्या वाचनालयात तसा तास नव्हता, मग विचारलं, आणि त्यांनी बुधवारची खोली दिली. पहिल्या बुधवारी मी एकटीच. दुसऱ्या बुधवारीही मीच, आणि पंखा दुरुस्त करायला आलेला माणूस. तिसऱ्या बुधवारी एक बाई आल्या, ६८ वर्षांच्या, आणि एक गृहस्थ, माझ्या वयाचे असावेत. ते मधमाश्यांवरचं काहीतरी वाचत होते. तासभर कुणी बोललं नाही. तो तास फार छान गेला, इतकं मी सांगू शकते.

तास संपल्यावर बाईंनी विचारलं, तुम्ही काय वाचताय? मी पक्ष्यांचं तेच पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला नेलं होतं. म्हटलं, ऐका ना, आणि अल्बट्रॉसचा परिच्छेद वाचून दाखवला. त्या गृहस्थांनी पुस्तक मिटलं होतं, ते बोट तसंच ठेवून परत बसले. विचारलं, "इतकी वर्षं समुद्रावर असतो, मग झोपतो कधी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या बुधवारपर्यंत शोधायचं ठरलंय. @मिणमिण, हिशोब : एक तास झाला.

मिणमिण :
१९९ आणि थोडे.

कंदील :
समासटीप, तुमचं वाचून आनंद झाला.

पायवाट ताई आणि बिनधास्त ताई, तुम्ही लिहिलंत त्यावर बरेच दिवस विचार केला. पुस्तक उशाशीच आहे. परवा रात्री मी ते उचललं, ७३वं पान उघडलं आणि पुढची दोन पानं मोठ्याने वाचली. खूण ७५वर ठेवली आहे.

दोन_चष्मे :
समासटीप, आमच्या वाचनालयात मी उद्याच विचारते. आणि त्या पक्ष्यांच्या पुस्तकाचं नाव कुणी विचारलंच नाही की! सांगाल का?

शाईडाग :
मलाही.

उलटतपासणी :
मलाही. आणि तो झोपतो कधी, ते कळलं की इथेही लिहा.

समासटीप :
तिघींना व्यक्तिगत निरोप पाठवलाय. झोपेचं गुरुवारी सांगते.